फंडाचे पैसे

आमच्या सोलापुरात प्रॉव्हिडंट फंडाला कोणी प्रॉव्हिडंट फंड म्हणत नाही. तो नुसता ‘फंड’. विडी वळणाऱ्या खालाचाही फंड आणि चादरीच्या कारखान्यात मशीनवर उभ्या असलेल्या चाचांचाही फंड. मुलीच्या नात्याची बोलणी निघाली की मुलाबद्दल पहिला प्रश्न येतो, ‘परमनंट है क्या?’ आणि दुसरा, ‘फंड कटता है क्या?’ कापला जातो म्हणजे पगार हातात कमी पडतो, तरी आमच्याकडे तो मुलाचा गुण मानतात. म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. निवृत्तीआधी घर बांधताना किंवा लेकीच्या निकाहला त्यातून थोडंफार काढतात, तेही चार जणांना विचारून.

२०२० साली हा संकोच गेला. टाळेबंदी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ मार्चला, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जी घोषणा केली तीत फंडाची सवलत होती. २८ मार्चपासून १९५२ च्या फंड योजनेतला नियम बदललासुद्धा. तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या शिल्लकेचे ७५ टक्के, यांत जी रक्कम कमी असेल ती उचलता येणार होती. कारण काय, कागद कोणता, हे विचारायचं नव्हतं. ३१ मे २०२१ ला, दुसऱ्या लाटेत, हीच उचल पुन्हा एकदा घ्यायला परवानगी मिळाली. जून २०२४ मध्ये ही सोय बंद झाली.

‘उचल’ हा शब्द मात्र आम्हाला खटकत राहिला. उचल म्हटली की ती फिटावी लागते. मुकादमाची असो की दुकानदाराची. ही उचल फेडायची नव्हती. नियमातच लिहिलं होतं, परत न करण्याची. परत करतो म्हटलं तरी घ्यायला कोणी बसलेलं नव्हतं.

आमचे दुल्हाभाई पुण्याजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते. जानेवारी २०१७ ला लागले. एकूण पगार ४६ हजार, त्यात मूळ पगार नि महागाई मिळून २४ हजार. खात्यात दोन लाखांच्या वर रक्कम साठलेली. तीन महिन्यांचे ७२ हजार आणि ७५ टक्क्यांचे दीड लाखाच्या पुढे. कमी ते ७२ हजार. हिशेब सोपा होता. अर्ज मात्र एप्रिलमध्ये फेटाळला गेला, कारण नाव जुळेना.

शेख या नावाने आमच्या लोकांचा जेवढा वेळ खाल्ला आहे तेवढा कोणत्याही साहेबाने खाल्ला नसेल. उर्दूत तीन अक्षरं, शीन, ये आणि खे. शाळेच्या दाखल्यावर मराठीत शेख. इंग्रजीत आलं की पॅनवर एस-एच-ए-आय-के-एच, आधारवर एस-एच-ई-के-एच, आणि कंपनीच्या रजिस्टरवर तिसरंच काही. माणूस एक, बाप एक, वलदियत एक. पण संगणकाला तीन माणसं दिसतात. दाखला लिहिताना आम्ही हल्ली पालकांकडून इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून घेतो, ते यामुळेच. दुल्हाभाईंच्या नावाची दुरुस्ती कंपनीच्या सहीने व्हायची होती आणि कंपनीचं ऑफिस बंद. जुलैत कुठे पैसे हाती आले. चार महिन्यांचं घरभाडं, किराणा आणि गावाकडे अब्बांना, म्हणजे आपाच्या सासऱ्यांना, दवापाण्यासाठी पाठवलेले पंधरा हजार. ७२ हजारांची गोष्ट एवढ्यात संपली.

दुसऱ्या उचलीबद्दल जास्त लिहवत नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्या अब्बांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सतरा दिवस. आपाचे दागिने गेले, एका नातेवाइकाने कर्जे हसना म्हणून लाखभर दिले, कंपनीतल्या पोरांनी आपापसात जमवून ८० हजार दुल्हाभाईंच्या खात्यावर पाठवले. अब्बा वाचले नाहीत. मय्यतीचं कर्ज वारसांच्या वाटणीआधी फेडायचं असतं, हे घरात सगळ्यांना पाठ. इथे वाटायला तरी काय होतं. जूनमध्ये दुसरी उचल आली, पुन्हा ७२ हजार, आणि ती त्याच आठवड्यात त्या नातेवाइकाच्या घरी पोचली. बाकीचे हप्त्याने.

नोव्हेंबरअखेर कंपनीने दोनपैकी एक युनिट बंद केलं. दुल्हाभाई त्यातच होते. पाच वर्षं भरायला एक महिना बाकी होता. दोन महिने घरी बसल्यावर त्यांनी फंडाचा सगळा हिशेब करून मागितला. (पेन्शनचा हिस्सा मात्र आम्ही काढू दिला नाही, स्कीम सर्टिफिकेट घ्यायला लावलं.) फेब्रुवारी २०२२ मध्ये १ लाख ६० हजार मंजूर झाले आणि त्यातले दहा टक्के, १६ हजार, टीडीएस म्हणून कापून उरलेले खात्यात पडले. त्याच महिन्यात त्यांना ३० हजारांची दुसरी नोकरी लागली. दहा-पंधरा दिवस आधी लागली असती तर जुना फंड नव्या खात्यावर वळता झाला असता, नोकरी सलग धरली गेली असती आणि पाच वर्षांचा प्रश्नच उरला नसता.

इथवरची गोष्ट त्या दोन वर्षांत कितीतरी घरांत घडली. जुलै २०२२ मध्ये विवरणपत्र भरायची वेळ आली तेव्हा ती आमच्यापर्यंत पोचली. मोहल्ल्यात शिक्षकाकडे इंग्रजी कागद येतातच. दहावीची मार्कशीट, दवाखान्याचा रिपोर्ट, विजेचं बिल, सगळं ‘सर, जरा देखो’ म्हणून समोर येतं. आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो हे कोणी लक्षात घेत नाही.

दुल्हाभाईंनी आधी एका एजंटाकडे कागद दिले होते. त्याच्याकडे रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर होतं, तिकीटबुकिंग होतं आणि झेरॉक्सही. त्याने बँकेचं पासबुक पाहिलं. जून २०२१ मध्ये फंडाकडून ७२ हजार, फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा फंडाकडून. दोन्ही ओळी सारख्याच. दोन्ही रकमा त्याने उत्पन्नात धरल्या. पगार ४ लाख २८ हजार, त्यातून ५० हजारांची प्रमाणित वजावट, फंडाचा हिस्सा आणि विम्याचा हप्ता मिळून आणखी ३० हजार. राहिले ३ लाख ४८ हजार. त्यात ७२ हजार, त्यात १ लाख ६० हजार. एकूण ५ लाख ८० हजार. कर २९ हजार ६४०. कापलेले १६ हजार वजा जाता आणखी १३ हजार ६४० भरा.

नोकरी गेलेला माणूस, बाप गेलेला, फंड संपलेला. आणि वर सरकारला साडेतेरा हजार द्यायचे. आपा म्हणाली, “भरके छुट्टी करो, नोटीस नको.” आमच्या समाजात नोटीस या शब्दाची भीती करापेक्षा मोठी आहे. दोन टोकं दिसतात. एकतर काहीच दाखवायचं नाही, नाहीतर मागतील तेवढं देऊन मोकळं व्हायचं. मधली जागा, म्हणजे जे आहे ते त्याच्या नावाने लिहायचं, तिथे कोणी थांबत नाही.

आणि सगळा प्रश्न नावाचाच होता. शेखच्या स्पेलिंगसारखाच, पण इथे पैशाचं नाव. सॉफ्टवेअरला पासबुक कळत नाही, रकाना कळतो. रक्कम ‘पगार’मध्ये टाकली की पगार, ‘इतर उत्पन्ना’त टाकली की इतर उत्पन्न. ‘करमुक्त उत्पन्न’ म्हणून एक तिसरी जागा खाली असते. तिथे यादी उघडली की १९६१ च्या कायद्यातली कलमं ओळीने दिसत होती, आणि त्यांत १०(१२) हे मान्यताप्राप्त भविष्य निर्वाह निधीतून मिळालेल्या रकमेचं. एजंट तिथपर्यंत उतरलाच नव्हता. साथीच्या उचलीवर आयकर लागत नाही, हे फंडाच्या संघटनेने तेव्हाच आपल्या प्रश्नोत्तरांत लिहिलं होतं. म्हणजे जूनचे ७२ हजार करमुक्तच्या रकान्यात. एवढ्या एका बदलाने एकूण उत्पन्न ५ लाख ८ हजारांवर आलं, कर १४ हजार ६६४ झाला, आणि भरायचं सोडून उलट १ हजार ३३६ परत मिळणार असं दिसू लागलं.

पाच लाखांची ती रेघ फार कडक होती. जुन्या पद्धतीत करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर सवलत मिळून कर शून्य. त्यावर थोडंसं गेलं की अडीच लाखांपासूनचा सगळा कर अंगावर. आठ हजारांसाठी साडेचौदा हजार.

राहिले एक लाख साठ हजार. पाच वर्षं सलग नोकरी झाली नसेल तर फंडाची अखेरची रक्कम करपात्र, हे एजंटही सांगत होता आणि ते खरं होतं. (त्यातही कंपनीचा हिस्सा, व्याज आणि स्वतःचा हिस्सा यांचा हिशेब वेगवेगळा असतो, सरसकट सगळी रक्कम उत्पन्नात ढकलायची नसते, पण ते राहू द्या.) खरा मुद्दा पुढचा होता. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात पाच वर्षांच्या अटीला अपवाद दिला होता. कामगाराच्या आजारपणामुळे, मालकाचा धंदा आकसल्यामुळे किंवा बंद पडल्यामुळे, किंवा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी संपली असेल, तर पाच वर्षं भरलेली नसली तरी रक्कम करमुक्त.

आम्ही दुल्हाभाईंना विचारलं, नोकरी संपली कशी?

“राजीनामा दिला.”

“तुम्ही दिला?”

“सगळ्यांनी दिला. एका टेबलावर कागद ठेवले होते. सही करा, म्हणजे हिशेब लवकर मिळेल म्हणाले. खाली छापलेलं होतं, वैयक्तिक कारणास्तव.”

वैयक्तिक कारण! युनिटचे दिवे बंद झाले, मशीन ट्रकवर चढली, आणि प्रत्येकाचं कारण वैयक्तिक. एजंटाचं म्हणणं, राजीनामा म्हणजे राजीनामा, विषय संपला. कायद्याच्या अंगाने तो अगदीच चूक बोलत होता असंही नाही. ‘मला काढलं’ असं नुसतं तोंडाने सांगून करमुक्तच्या रकान्यात दीड लाख लिहिणं हे आम्हालाही पटणारं नव्हतं. विवरणपत्राला कागद जोडायचा नसतो, म्हणून काहीही लिहावं असा त्याचा अर्थ काही जण काढतात. कागद जोडायचा नसतो, पण मागितला तर दाखवायचा असतो.

आपाने लोखंडी कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली. निकाहनामा, अब्बांचा मृत्यूचा दाखला, दवाखान्याची बिलं आणि कंपनीचे कागद, सगळं एकत्र. त्यात कार्यमुक्तीचं पत्र होतं. इंग्रजीत, दीड पान. दुल्हाभाईंनी ते घेतलं त्या दिवशी घडी करून ठेवलं ते तसंच. पहिल्या परिच्छेदात आभार, दुसऱ्यात हिशेबाची रक्कम, आणि तिसऱ्यात लिहिलं होतं की दुसऱ्या युनिटचं काम कायमचं बंद करण्यात आल्यामुळे आपली सेवा ३० नोव्हेंबर २०२१ पासून समाप्त होत आहे. सही, शिक्का, तारीख.

आम्ही ते वाक्य उर्दूत सांगितलं. दुल्हाभाई काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मतलब, मैंने नहीं छोड़ी.” सात-आठ महिने ते सासुरवाडीला, भावकीत, मशिदीबाहेर सगळ्यांना ‘छोड़ दी’ असंच सांगत होते. काढलं म्हणण्यापेक्षा सोडली म्हणणं माणसाला बरं वाटतं, हेही खरं.

तरी आम्ही घाई केली नाही. एका सहकाऱ्याच्या ओळखीच्या सीए साहेबांना पत्र नि राजीनामा दोन्ही दाखवलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. युनिट बंद झाल्याचं मालक स्वतः लिहून देतो आहे, तेव्हा अपवादाचा दावा करायला आधार आहे, मूळ पत्र जपून ठेवा आणि युनिट बंदच्या नोटिशीचा गेटवरचा फोटो कोणाकडे असेल तर मागवून घ्या, असं त्यांनी सांगितलं. फोटो कंपनीच्या पोरांच्या ग्रुपवर होताच. मित्रांनी दिलेल्या ८० हजारांचीही दुल्हाभाईंना धास्ती होती. त्यावर साहेब म्हणाले, साथीच्या उपचारासाठी इतरांनी दिलेली मदत करात धरायची नाही, असं २५ जून २०२१ लाच जाहीर झालं आणि २०२२ च्या वित्त कायद्याने ते मागच्या तारखेपासून लागू केलं. दवाखान्याची बिलं आणि पैसे देणाऱ्यांची यादी ठेवा. यादी आपाकडे होती. वहीच्या मागच्या पानावर, नावासमोर रक्कम आणि पुढे ‘दुआ’ असा शब्द.

करमुक्तच्या रकान्यात एकूण २ लाख ३२ हजार गेले. करपात्र राहिले ३ लाख ४८ हजार. कर शून्य, परतावा १६ हजार. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात विवरणपत्र भरलं, आधारच्या ओटीपीने पक्कं केलं, आणि सप्टेंबरात रक्कम खात्यावर आली. एजंटाचे साडेतेरा आणि हे सोळा, जवळजवळ तीस हजारांचा फरक. आणि तो दोन रकमा कोणत्या रकान्यात लिहायच्या एवढ्यावरून.

आमच्या खालाचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. तिकडेही २७ मार्च २०२० ला असाच कायदा झाला होता. निवृत्तीच्या खात्यातून एक लाख डॉलरपर्यंत काढा, वयाआधी काढल्याचा दहा टक्के दंड माफ. कर मात्र माफ नाही. ती रक्कम तीन वर्षांत सारखी वाटून उत्पन्नात दाखवता येत होती. पण सॉफ्टवेअर विचारायचं तेव्हा ‘साथीमुळे काढली’ इथे खूण करावी लागत होती, नाहीतर दंडही लागायचा आणि सगळी रक्कम एकाच वर्षात. पहिल्या वर्षी ८९१५-ई नावाचा फॉर्म, पुढच्या वर्षांना ८९१५-एफ. याने १८ हजार डॉलर काढले होते. दुसऱ्या वर्षी त्याने सॉफ्टवेअर बदललं, तर नव्याला आधीचं काहीच माहीत नाही. सहा हजारांचा हप्ता त्याला हाताने भरावा लागला. एक गोष्ट मात्र ऐकून आम्हाला त्याचा हेवा वाटला. तीन वर्षांच्या आत पैसे परत खात्यात टाकले तर काढलेच नव्हते असं धरत होते आणि भरलेला कर दुरुस्ती करून परत मागता येत होता. त्याने निम्मे परत टाकले.

दुल्हाभाईंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, आपल्याकडे अशी खिडकी असती तर मी सोळा हजार तिथेच टाकले असते. आम्ही हिशेब करून पाहिला होता, त्यांना दाखवला नाही. २०२० ला ते तेहतीस वर्षांचे होते. पहिलीच उचल, ७२ हजार, आठ टक्क्यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत पडून राहिली असती तर तिचे चार लाख नव्वद हजारांच्या पुढे झाले असते.

नव्या नोकरीत स्वतःहून जास्त फंड कापून घेता येईल का, असं मग त्यांनी विचारलं. येतो. पण लगेच दुसरा प्रश्न आला, त्यावरच्या व्याजाचा. सक्तीने कापल्या जाणाऱ्या फंडावरच्या वाढीला अनेक मुफ्ती सूद मानत नाहीत, कारण ती रक्कम कामगाराच्या ताब्यात आलेलीच नसते. आपखुशीने वाढवलेल्या कपातीबाबत मात्र ते सावध बोलतात. तो फैसला आम्ही आमच्या माथी घेतला नाही, मौलानांकडे पाठवलं. जकातीचं मात्र त्यांनी विचारलं नाही. उचल हातात आली आणि आठवड्यात कर्जापोटी गेली. तिच्यावर जकात निघायला ती वर्षभर थांबायला तर हवी!

दुल्हाभाईंची बातमी फिरल्यावर पिशव्या यायला लागल्या. आमच्या गल्लीतला एक मुलगा २०२३ च्या ईदनंतर आला. मॉलमधली नोकरी गेली तेव्हा २०२१ मध्ये त्याने फंड काढला होता, तीन वर्षांच्या नोकरीचा. सहा हजारांच्या वर टीडीएस कापलेला, पॅन बरोबर होता, कापलेली रक्कम २६-एएसमध्ये स्वच्छ दिसत होती. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली, म्हणजे सगळी परत मिळण्यासारखी. पण विवरणपत्र भरलंच नव्हतं, आणि त्या वर्षाची उशिराची तारीखही ३१ डिसेंबर २०२२ ला उलटून गेली होती. अद्ययावत विवरणपत्र नावाची जी नवी सोय आहे तीत कर भरता येतो, परतावा मागता येत नाही. राहतो एक रस्ता, उशीर माफ करण्याचा अर्ज. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने त्याला करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मुदत ठेवली आहे. या मुलाच्या वर्षापुरतं बोलायचं तर ३१ मार्च २०२८ पर्यंत. उशीर का झाला ते त्या अर्जात लिहावं लागतं.

आम्ही त्याला म्हटलं, तुझं कारण तू आधी उर्दूत लिहून आण, इंग्रजी आम्ही करतो. त्याने वहीचं पान आणलं. साडेतीन ओळी. आईला दोनदा दवाखान्यात ठेवलं होतं, तारखा सगळ्या होत्या. वर नाव लिहिलं होतं, शेख, आणि कंसात, पॅनवर आहे तसं, स्पेलिंग.